पाइपला घाम, भिंतीला ओल : एसीच्या थंड पाइपला फोम का आणि कसा चढवावा

कल्याण : पावसाळा लागला की ठाणे, कल्याण-डोंबिवलीच्या इमारतींत एक भांडण ठरलेलं असतं. 'वरच्यांचा नळ गळतो, आमची भिंत ओली होते.' प्लंबर येतो, टाइल फोडतो, पण गळती काही सापडत नाही. अशा वेळी एक शक्यता तपासायची राहून जाते. पाणी पाइपच्या आतून न येता हवेतून आलेलं असू शकतं. एसीचा थंड पाइप उघडा राहिला की त्याला घाम सुटतो आणि तो थेंबाथेंबाने भिंतीत मुरतो. आता मुरबाड, शहापूर, भिवंडीच्या गावांतल्या घरांतही एसी लागू लागलेत. दूध संकलनाच्या थंड टाक्यांनाही हाच त्रास होतो.

घाम येतो कुठून?

माठ बाहेरून ओला होतो, कारण आतलं पाणी पाझरतं. फ्रिजमधली बाटली मात्र पाझरत नाही, तरी ओली होते. ते पाणी हवेतलं असतं. 30 अंशाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 30 ग्रॅम वाफ मावते, 10 अंशाला जेमतेम 9 ग्रॅम. हवा थंड पाइपला टेकली की जास्तीची वाफ पाणी होऊन बसते.

पावसाळ्यात 30 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असली तर 27 अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. एसीचा गॅसचा पाइप तर 10 अंशांच्या आसपास असतो. म्हणून कोरड्या हवेच्या गावात चालून जाणारं काम आपल्या कोकणपट्टीत चालत नाही.

नुकसान काय?

आधी रंगाचे पोपडे सुटतात, मग प्लास्टर फुगतं. पीओपीच्या छतावर पिवळे डाग पडतात. काळी बुरशी धरली की दम्याच्या माणसाला त्रास होतो. ओल वर्षानुवर्षं राहिली तर स्लॅबमधली सळई गंजते. जवळून वायर किंवा स्विचबोर्ड जात असेल तर शॉकचा धोका वेगळाच.

गळती की घाम, कसं ओळखावं?

एसी बंद करा, पाइप कोरड्या फडक्याने पुसा. एसी बंद असताना पाइपवर पुन्हा थेंब आले नाहीत आणि चालू केल्यावर आले, तर तो घाम. एसी बंद ठेवूनही नवी ओल येत राहिली तर नळाचा पाइप किंवा पावसाचं पाणी तपासा. एसीची पाणी जाणारी नळी पाहायची असेल तर मेन स्विच बंद करून मेकॅनिककडून आतल्या युनिटच्या ट्रेमध्ये थोडं पाणी ओतून घ्या. ते सगळं बाहेर पडलं पाहिजे.

काय वापरावं?

बाजारात नायट्रिल रबर फोमची काळी नळी मिळते. तिची छिद्रं बंद असतात, म्हणून वाफ आत शिरत नाही. 9, 13, 19 मिमी अशा जाडीत ती येते. आपल्या दमट हवेत 13 मिमी किंवा त्याहून जाड घ्यावी. गोणपाट, जुनं कापड, साधा स्पंज गुंडाळू नये. ते पाणी पितं आणि पाइप आतल्या आत ओला राहतो.

काम करून घेताना

- स्प्लिट एसीचे जाड आणि बारीक असे दोन्ही पाइप सहसा थंड असतात. दोन्हींना वेगवेगळी नळी हवी, एकाच नळीत दोन पाइप कोंबू नयेत.
- जोडाची गळती तपासल्यावरच त्यावर फोम चढवावा.
- जुन्या पाइपवर नळी उभी चिरून बसवता येते. मात्र चीर आणि टोकं फोमच्या गोंदाने पक्की चिकटवावीत. बोटभर फट राहिली तरी तिथे घाम येतो.
- टेप करकचून आवळू नये. फोम दबला की जाडी कमी होते आणि नेमकी तीच जागा ओली होते.
- उन्हात फोम तडकतो, उंदीरही कुरतडतात. बाहेरचा भाग टेपने किंवा पीव्हीसी पाइपने झाकावा.
- पाणी जाणाऱ्या नळीला सलग उतार द्यावा. ती खोलीतून किंवा छतातून जात असेल तर तिलाही फोम लावावा.
- भिंतीत खाच पाडून पाइप बुजवायचा असेल तर फोम आधी चढवून पाहून घ्यावा. प्लास्टर झाल्यावर दुरुस्तीला भिंतच फोडावी लागते.

फोम चढवूनही त्याच्या बाहेरच्या अंगाला दव आलं तर जाडी कमी पडली किंवा जोड उघडा राहिला असं समजावं. ओली भिंत पूर्ण वाळल्याशिवाय पुट्टी-रंग करू नये, ओल आत कोंडली की पोपडे पुन्हा सुटतात.

फिटरला पैसे देण्याआधी एसी दोन तास चालवावा आणि पाइपवरून, विशेषतः जोडांवरून, हात फिरवून पाहावा. हात कोरडा राहिला तर काम बरोबर झालं.