ख्रिस्ती विश्वासात वाढणं म्हणजे काय? केडगावच्या पंडिता रमाबाईंचा प्रवास

शिरूरहून न्हावरे-चौफुला मार्गाने निघालं की दौंड तालुक्यातलं केडगाव लागतं. पुणे-दौंड लोहमार्गावरच्या या गावात पंडिता रमाबाई मुक्ती मिशन आहे. स्त्रीशिक्षणाच्या संदर्भात रमाबाईंचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. त्यांच्या विश्वासाचा प्रवास मात्र कमी जणांना माहीत असतो.

'देवावर भरवसा ठेवा' हे शब्द ख्रिस्ती उपासनेत वारंवार ऐकू येतात. पण बाप्तिस्मा घेतला की विश्वास पूर्ण होतो का? मनात शंका आल्या तर विश्वास कमी आहे असं समजायचं का? आणि देवावर सोपवलं म्हणजे स्वतः काही करायचं नाही, असा अर्थ होतो का? रमाबाईंच्या आयुष्यात या तिन्ही प्रश्नांची उत्तरं सापडतात.

आधी काय घडलं होतं?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढीविरुद्ध जाऊन पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं, आणि पुढे आईने रमाबाईंना. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरत असे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण यांचा काही महिन्यांच्या अंतराने मृत्यू झाला. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी फिरत १८७८ मध्ये कोलकात्याला पोहोचले. तिथे त्यांच्या विद्वत्तेचा गौरव 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्यांनी झाला.

पुढे १८८० मध्ये भाऊ गेला. बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी झालेला विवाहही दोन वर्षांच्या आत त्यांच्या निधनाने संपला. वयाच्या तेविसाव्या वर्षी, लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या आणि १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला.

पहिला टप्पा: बाप्तिस्मा, पण प्रश्नांसह

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी या भगिनी चालवत असलेलं काम त्यांनी पाहिलं. अशा स्त्रियांकडे इतक्या मायेने पाहण्यामागे काय आहे, असं त्यांनी विचारलं. तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली येशू आणि शोमरोनी स्त्रीची भेट वाचून दाखवली गेली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पण प्रश्न थांबले नाहीत. त्रैक्य, चमत्कार, चर्चचा अधिकार यांबद्दल त्यांनी भगिनी जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून जोरदार वाद घातला. कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, स्वतःच्या सद्सद्विवेकाला पटलं पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. शंका विचारल्या म्हणून त्यांनी विश्वास सोडला नाही, आणि विश्वास ठेवला म्हणून शंका विचारणंही सोडलं नाही.

दुसरा टप्पा: धर्म स्वीकारणं आणि भरवसा ठेवणं यांतला फरक

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केलं. विधवा आणि मुलींसाठीची ही शाळा पुढच्याच वर्षी पुण्याला आली. साधारण १८९१ च्या सुमारास, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, त्यांना एक गोष्ट जाणवली. त्यांच्या १९०७ मधल्या साक्षीनुसार, त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त स्वतः मिळाला नव्हता. विल्यम हॅस्लम या धर्मोपदेशकाचं पुस्तक वाचताना हे त्यांच्या लक्षात आलं. हॅस्लम स्वतः अनेक वर्षं पाळकाचं काम केल्यानंतर खऱ्या अर्थाने विश्वासात आले होते.

तारण हे आपल्या पुण्याईने मिळवायचं नसून देवाची देणगी म्हणून स्वीकारायचं आहे, हे आधी त्यांना शिकवण म्हणून माहीत होतं. आता ते स्वतःबद्दल खरं आहे, असं त्या मानू लागल्या. ख्रिस्ती शिकवणीत 'विश्वासात वाढणं' म्हणतात ते यालाच.

याच काळात मोठा वादही झाला. शारदा सदन धर्मनिरपेक्ष राहील, असं आश्वासन दिलेलं होतं. रमाबाईंच्या खोलीतल्या प्रार्थनेला मुली येऊन बसू लागल्या, तेव्हा ते आश्वासन मोडल्याचा आक्षेप घेतला गेला. १८९३ मध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मी कुणावर सक्ती केली नाही, पण माझी प्रार्थना दार लावून करणार नाही, असं रमाबाईंचं म्हणणं होतं. पुण्यातला मोठा आधार त्यांनी गमावला.

तिसरा टप्पा: पैसा संपत आला तेव्हा

शारदा सदनाचा खर्च बॉस्टनमधल्या रमाबाई असोसिएशनकडून येई. मदतीचं वचन दहा वर्षांचं होतं आणि ती मुदत १८९८ मध्ये संपत होती. जॉर्ज म्युलर यांनी इंग्लंडमध्ये केवळ प्रार्थनेच्या भरवशावर अनाथालयं चालवल्याचं रमाबाईंनी वाचलं होतं. भारतात असं शक्य आहे का, हा प्रश्न त्यांना पडला.

मुदत संपायच्या आतच १८९६-९७ चा दुष्काळ आला. स्वतःच्या घरातले मृत्यू आठवत असलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध होते. त्यामुळे या मुलींना केडगावला ठेवावं लागलं. तिथे त्यांनी आधीच सुमारे १०० एकर जमीन घेऊन ठेवली होती. फळबागेच्या उत्पन्नातून संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी, हा त्यामागचा विचार होता. तिथेच मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातमधल्या दुष्काळानंतर रहिवाशांची संख्या सुमारे दीड हजारांवर गेली.

इथे भरवशाचा अर्थ स्पष्ट होतो. रमाबाई प्रार्थना करत होत्या, त्याचबरोबर विहिरी, शेती, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा आणि छापखानाही उभा करत होत्या. अत्याचार सोसलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन आणि अंध स्त्रियांसाठी बार्तीमी सदन सुरू झालं. उद्याची खात्री नसतानाही आज समोर असलेल्या मुलीला परत न पाठवणं, हा त्यांच्या भरवशाचा भाग होता.

चौथा टप्पा: एकटीचा विश्वास सगळ्यांचा होतो

१९०५ च्या सुरुवातीला त्यांनी मुलींना रोज एकत्र प्रार्थनेला बोलावलं. सुरुवातीला सुमारे ७० जणी येत. काही महिन्यांत ही संख्या ५०० च्या पुढे गेली. जूनअखेरीस तिथे जे घडलं त्याला 'मुक्तीचं संजीवन' म्हणतात. पश्चात्ताप, रडणं, मोठ्याने प्रार्थना असं सारं त्यात होतं. जगभरातल्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात आजही केडगावचा उल्लेख होतो. त्यानंतर मुलींचे गट आसपासच्या गावांमध्ये जाऊ लागले.

शेवटचं काम

मराठी बायबल आधीपासून उपलब्ध होतं. पण त्याची भाषा साध्या बायकांना कळत नाही, असं रमाबाईंना वाटे. म्हणून उतारवयात, ऐकू येणं खूप कमी झालेलं असताना, त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मूळ भाषांमधून सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचा अनुवाद त्यांनी केला. मुक्तीतल्याच स्त्रियांनी खिळे जुळवून तो छापला.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ती चाळीस वर्षांची होती आणि आईनंतर संस्था तीच सांभाळणार होती. रमाबाईंनी अनुवादाचं काम थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं आणि १९२४ मध्ये संपूर्ण बायबल प्रसिद्ध झालं.

यातून काय कळतं?

- विश्वास एका दिवसात पूर्ण होत नाही. रमाबाईंच्या बाप्तिस्म्यापासून त्यांच्या मनाच्या खात्रीपर्यंत आठ वर्षं गेली.
- प्रामाणिक शंका हा विश्वासाचा शेवट नसतो.
- भरवसा आणि कष्ट एकत्र चालतात. केडगावात प्रार्थनाही होती आणि विहीरही.
- भरवसा ठेवला म्हणजे दुःख टळतं असं नाही. दुःखातही हातातलं काम सोडावं लागत नाही, एवढं त्यातून मिळतं.

निराधार स्त्रिया आणि मुलांसाठीचं मुक्ती मिशनचं काम केडगावात आजही सुरू आहे.