खरबूज ते सुधारस

शाळेत इतिहासाच्या तासाला बाबराचा धडा आला की वर्गातल्या चार-पाच माना हमखास माझ्या बाकाकडे वळत. बाबर जणू माझा चुलता होता आणि पानिपतचा हिशेब त्याच्याऐवजी मी द्यायचा होता. धड्यात २१ एप्रिल १५२६, इब्राहिम लोदी आणि तोफा एवढेच असे. पुष्कळ वर्षांनी खुद्द 'बाबरनामा' हाती आला, तेव्हा लक्षात राहिल्या त्या तोफा नव्हेत. लक्षात राहिले ते खरबूज.

बाबर हा आवडीनिवडी लिहून ठेवणारा माणूस. काबूलच्या डोंगरउतारावर लाला फुलांचे किती प्रकार आहेत हे त्याने मोजायला लावले. बत्तीस-तेहतीस भरले; त्यांतल्या एकाला गुलाबाचा वास येई, तेही त्याने नोंदवले. बारा वर्षांचा होण्याआधी गादीवर बसलेला आणि निम्मे आयुष्य घोड्यावर काढलेला हा माणूस कुठल्या गावचे कोणते फळ चांगले, कोणत्या बागेतून काय दिसते, हे एखाद्या जाणत्या शेजाऱ्यासारखे सांगतो.

हिंदुस्थानाबद्दल मात्र त्याची तक्रारच तक्रार. इथे चांगले घोडे नाहीत, द्राक्षे नाहीत, खरबुजे नाहीत, बर्फ नाही, थंड पाणी नाही, हमाम नाहीत, मदरसे नाहीत, बाजारात धड रोटी मिळत नाही. ही यादी आजही त्याच्याविरुद्ध आणि पर्यायाने आपल्याविरुद्ध वाचून दाखवली जाते. पण तिच्यापुढेच दुसरी यादी आहे, ती सहसा कुणी वाचत नाही. मुलूख मोठा, सोनेचांदी मुबलक, कारागीर अगणित आणि पावसाळ्यातली हवा अप्रतिम. त्यातही खोट काढलीच त्याने : या दमट हवेत धनुष्ये निकामी होतात. जासवंद त्याला मनापासून आवडली. आंब्याला त्याने जेमतेम पास केले. चांगला आंबा खरेच चांगला, पण असे फार थोडे, असा त्याचा निवाडा. (बाबर कोकणापर्यंत पोचला नाही, हे इथे नमूद केले पाहिजे.) आंबा दाबून मऊ करायचा, भोक पाडायचे आणि रस चोखायचा, ही रीतही त्याने लिहून ठेवली आहे. आपल्याकडे रायवळ आंबा अजून असाच खातात.

१५२९ च्या फेब्रुवारीत त्याने ख्वाजा कलान या जुन्या सोबत्याला पत्र लिहिले. ख्वाजा हिंदुस्थानाला कंटाळून परत गेला होता. बाबर लिहितो की नुकतेच कुणी एक खरबूज आणले, ते कापून खाताना मन भरून आले आणि रडू कोसळले. जिंकलेल्या मुलखात बसून फळ खाताना रडणारा हा बादशहा आमच्या धड्यात नव्हता. आग्र्याच्या बागेत त्याने बल्खच्या माळ्याकडून खरबुजाचा वेल लावून घेतला. फळ धरले, तेव्हा त्याला झालेला आनंद त्याच्या शब्दांत लपत नाही.

यानंतर अकबर. त्याच्या खाण्यापिण्यासाठी अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त पाने खर्ची घातली आहेत. इथे एवढेच पुरे की तो घरी असो वा प्रवासात, गंगेचेच पाणी पीत असे आणि त्याला अमृतजल म्हणे. बाबराचा हा नातू.

पणतू जहांगीर. १६०७ मध्ये काबूलला असताना त्याने पणजोबाच्या हातचा 'बाबरनामा' पाहिला. चार भाग दुसऱ्या हाताचे होते, ते त्याने स्वतः लिहून काढले आणि खाली तुर्कीत तशी नोंद केली. वर हेही सांगितले की आपण वाढलो हिंदुस्थानात, तरी तुर्की लिहिता-वाचता येते. ज्या भाषेत पणजोबाने खरबुजासाठी रडून घेतले, ती भाषा पणतूला 'येते' म्हणून सांगावी लागली! काबूलची फळे कितीही गोड असली तरी माझ्या जिभेला त्यांतल्या एकातही आंब्याची लज्जत नाही, असा त्याचा निकाल. सुवासिक फुलांत तर साऱ्या जगात हिंदुस्थानच वरचढ. चाफ्याचे एक झाड अख्खी बाग दरवळून टाकते. फिरंग्यांच्या बंदरांतून आलेला अननसही आग्र्याच्या गुलअफशान बागेत हजारोंनी पिकतो, हे तो कौतुकाने सांगतो.

मला जहांगिराची आवडती नोंद मात्र १६१८ च्या गुजरातेतली आहे. अहमदाबादची धूळ त्याला इतकी नकोशी झाली की शहराला त्याने गर्दाबाद नाव ठेवले. पण तिथेच त्याने बाजरीची खिचडी खाल्ली. बाजरी आणि डाळ एकत्र शिजवलेली, आपल्याकडे थंडीत होते तीच. पूर्वी कधी खाल्ली नव्हती, म्हणून करवून घेतली आणि ती आवडली. मांस वर्ज्य असलेल्या दिवशी ही खिचडी वरचेवर आणत जा, असा हुकूम झाला.

आता आलमगीर. त्याच्या आयुष्याची शेवटची पाव शतकभर वर्षे आपल्या दख्खनमध्ये गेली. त्याच्या जिभेविषयी लिहायचे म्हणजे आधी एक सांगितले पाहिजे : आवडीनिवडींवरून कुणाच्या राज्यकारभाराचा निवाडा होत नाही. याच बादशहाच्या हुकमाने १६८९ मध्ये संभाजी महाराजांचे हाल करून त्यांना मारले गेले. महाराष्ट्रात राहून ते विसरता येत नाही, विसरूही नये. पण शहाजादा आझमला लिहिलेली त्याची पत्रे वाचताना एक वेगळा म्हातारा भेटतो. थंडीत तुझ्याकडे खाल्लेल्या खिचडीची आणि बिर्याणीची चव अजून आठवते, म्हणतो. तुझा बिर्याणीचा स्वयंपाकी मागितला तर तू दिला नाहीस. निदान त्याचा एखादा शागिर्द मिळतो का बघ, अशी गळही घालतो. साऱ्या हिंदुस्थानचा बादशहा, पण पोराने आचारी दिला नाही!

दुसऱ्या एका पत्रात आंबे आहेत. आझमने आंबे पाठवले आणि त्यांना नावे सुचवा म्हणून विचारले. तू एवढा हुशार असताना म्हाताऱ्या बापाला कशाला तसदी, अशी थोडी कुरकुर करून त्याने नावे कळवली : सुधारस आणि रसनाविलास. ना तुर्की, ना फारसी.

२०२३ मध्ये बारावीच्या एनसीईआरटीच्या इतिहासातून मुघल दरबारावरचे प्रकरण गेले. त्यात खरबूज होते की नव्हते, मी पाहिले नाही. माझ्या बाकाकडे माना वळल्या त्या तासाला मला हे एवढे ठाऊक असते, तर पानिपतचा हिशेब चुकता करता आला नसता, पण खिचडीबद्दल बोलायला नक्की तोंड उघडले असते.

बाबर १५३० मध्ये आग्र्यात वारला. पुढे त्याला त्याच्या आवडत्या काबूलच्या बागेत नेऊन पुरले. आलमगीर १७०७ मध्ये अहमदनगरला वारला. त्याला खुलदाबादला नेले. साधी उघडी कबर आहे, वर सब्जा लावलेला असतो.