डहाणूची तडजोड: एका अधिसूचनेकडे इतिहास म्हणून बघताना

बोईसरहून लोकलने उत्तरेला निघालात की तारापूर एमआयडीसी मागे पडते आणि डहाणू-घोलवडकडे चिकूच्या वाड्या दिसायला लागतात. हा फरक मातीपाण्याचा आहेच, पण बऱ्याच अंशी तो एका कागदाचाही आहे: 20 जून 1991 ची केंद्र सरकारची अधिसूचना. डहाणू तालुका तिने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. उद्योगांना जास्तीत जास्त 500 एकर, तालुक्याभोवती 25 किलोमीटरचा उद्योगमुक्त पट्टा, आणि हिरवे भाग, बागा, आदिवासी क्षेत्रं यांच्या जमीन-वापरात बदल नाही.

किनाऱ्यावरच्या रिसॉर्टविरोधी लढ्यांवर काम करणाऱ्यांनी शेवटचं कलम नीट वाचावं. त्याच वर्षी, 19 फेब्रुवारी 1991 ला, सीआरझेडची अधिसूचना आली होती. ग्रामीण किनाऱ्यावर तिने भरतीरेषेपासून 200 मीटर बांधकाम रोखलं, पण 200 ते 500 मीटरच्या पट्ट्यात रिसॉर्टला अटींसह वाट ठेवली. म्हणजे सीआरझेड विचारतं, समुद्र किती लांब आहे? डहाणूची अधिसूचना विचारते, या जमिनीवर आज काय आहे? वाडी एनए करून हॉटेल बांधू बघणाऱ्याला दुसरा प्रश्न जास्त अडचणीचा. डहाणू-बोर्डीला रिसॉर्टं नाहीत असं नाही, पण भांडण कुठल्या प्रश्नावर होणार हे त्या कलमाने ठरवलं.

आता तडजोड. 500 मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र रोखायला सर्वोच्च न्यायालयाने मार्च 1991 मध्येच नकार दिला होता. अधिसूचना आली ती त्यानंतर तीन महिन्यांनी. स्थानिक पातळीवर नर्गिस इराणी आणि त्यांचे सहकारी लढत होते. अंमलबजावणी होत नाही म्हणून बिट्टू सहगल यांची याचिका 1994 ला न्यायालयात गेली. 31 ऑक्टोबर 1996 च्या निकालाने निवृत्त उच्च न्यायालयीन न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमायला सांगितलं. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष झाले, ते 2019 मध्ये जाईपर्यंत.

माझं म्हणणं असं की तडजोड अधिसूचनेत नव्हतीच, ती या प्राधिकरणाच्या कामात होती. वीज केंद्र हटलं नाही, पण 1999 मध्ये धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायचा आदेश निघाला. ती सुरू व्हायला 2007 उजाडलं. आदेश आणि यंत्रणा यांच्यामधली ही आठ वर्षं म्हणजेच खरा अभ्यासविषय. निकाल वाचून प्रबंध लिहिणारे नेमके इथेच चुकतात (मीही पहिल्या वर्षी निकालावरच थांबले होते).

आणि एक अडचण, जी मला अजून सुटलेली नाही. ‘जमीन-वापर बदलू नका’ म्हणजे जमीन आहे त्याच्याकडेच राहू द्या, असाही अर्थ निघतो. पण याच टापूत 1945 ला वारल्यांनी वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ त्यावरचंच. जमीनदारांच्या गवताच्या आणि झाडांच्या जमिनी त्या उठावाच्या केंद्रस्थानी होत्या. मग 1991 ला जे ‘हिरवं’ म्हणून जपलं, त्यात कुणाची मालकी जपली गेली आणि कुणाची मजुरी? याचिकेच्या कागदांत वारली माणूस बहुतेक वेळा ‘आदिवासी क्षेत्र’ म्हणून येतो, बोलणारा म्हणून क्वचितच. त्यासाठी 7/12 चे जुने उतारे, वनहक्काचे दावे आणि प्रत्यक्ष मुलाखती, एवढं सगळं लागतं.

वाढवण बंदराचं प्रकरण मी मुद्दाम शेवटी ठेवलं. 1998 मध्ये प्राधिकरणाने बंदर नाकारलं. 31 जुलै 2023 ला त्याच प्राधिकरणाने, वेगळ्या अध्यक्षांच्या काळात, अटींसह परवानगी दिली. 30 ऑगस्ट 2024 ला पायाभरणी झाली, 76,220 कोटींच्या प्रकल्पाची. मच्छीमारांचा विरोध दोन्ही वेळा होता. अधिसूचनाही, मधल्या दुरुस्त्या धरूनही, तीच. मात्र 2020 मध्ये बंदराला ‘उद्योग’ धरायचं की नाही, याचं सरकारी वर्गीकरणच बदललं होतं. दोन्ही आदेश शेजारी ठेवून वाचायला घ्याल तेव्हा आधी 2020 चे ते रुक्ष कागद काढा.