लंगरातलं दुपारचं 'डिनर'

आज लढाईचं नाही, जेवणाचं लिहितोय.

आसाममधल्या एका ठाण्यावर मी नाईक होतो, रोजची नोंदवही माझ्याकडे. एका दुपारी लंगरची पंगत उठली आणि मी इंग्रजीत लिहिलं, 'द मेन हॅव टेकन देअर डिनर, १२४० अवर्स.' संध्याकाळी एका साहेबांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. दिवसाढवळ्या डिनर! हशा पिकला. पुढची दोन वर्षं मी इंग्रजीत एक ओळ लिहिली नाही. रजेचा अर्जसुद्धा दुसऱ्याच्या हाताने.

आपल्या 'जेवणा'ला घड्याळ नाही. दुपारचंही जेवण, रात्रीचंही जेवणच. मला वाटायचं, इंग्रजांचं सगळं ठरलेलं असेल. तर त्यांचंच घड्याळ हललेलं! सोळाव्या शतकात इंग्लंडात डिनर म्हणजे दिवसाचं मुख्य जेवण, सकाळी अकराच्या सुमारास. बड्या घरांत ते सरकत सरकत दुपारी तीन-चारवर आलं आणि एकोणिसाव्या शतकात रात्री सात-आठवर गेलं. मधली भूक लंचने भागवली. हिंदुस्थानातले गोरे त्याला 'टिफिन' म्हणत. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात तो शब्द आहे. आपल्याकडे त्याचा डबा झाला, ते वेगळं.

पण हे सरकणं बड्यांचं. ब्रिटिश पलटणीतला साधा शिपाई भर दुपारीच 'डिनर' खायचा, आणि ड्यूटीवरचा अफसर पंगतीतून फिरत 'एनी कम्प्लेंट्स?' विचारायचा. त्याच छावणीत ऑफिसर्स मेसचं डिनर रात्री. शब्द एकच, वेळ हुद्द्याप्रमाणे. आणि मी तर जवानांच्याच जेवणाबद्दल लिहिलं होतं!

हे मला सांगितलं पुढच्या पोस्टिंगमधल्या एज्युकेशन हवालदारांनी. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. 'टेकन'बद्दलही त्यांनी माझी बाजू घेतली. आपण 'चहा घेतला' म्हणतो म्हणून जेवणालाही 'टेक' लावतो, खरं. पण जुने इंग्रजही जेवण 'टेक' करत. आज 'हॅव' रूढ आहे, तेच लिहावं. नुसतं 'हॅड लंच', आधी 'अ' नाही. विशेषण आलं की मात्र 'अ हेवी लंच'. बाजारात राइसप्लेट खाऊन 'हॉटेलात जेवलो' म्हणतो, ते इंग्रजीत लिहिताना 'रेस्टॉरंट' करायचं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मुक्कामही तिथेच केला. हा रेस्टॉरंट मुळात फ्रेंच, ताकद भरून आणणाऱ्या सूपचं नाव. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये ते विकणाऱ्या दुकानालाच चिकटलं.

दुसऱ्या दिवशी मी नोंदवही मागून घेतली. लिहिलं, 'द मेन हॅड लंच, १२४० अवर्स.' वाचून पाहिलं. मग खोडून 'हॅड अ गुड लंच' केलं. त्या दिवशी राजमा होता.