खोट्या संदेष्ट्यांची पारख आणि नगर प्रांत

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे संग्राहक जुन्या शास्त्राची प्रत हातीं आली म्हणजे मुद्रणाचें साल पाहतात, छापखाना पाहतात. आंतील शब्द ताडून पाहणारे थोडे. परंतु एका शब्दानें अर्थाला कसें वळण लागतें, याचें उदाहरण त्या पानांतच आहे. हिब्रू 'नाबी' या शब्दासाठीं जुन्या मराठी भाषांतरांत 'भविष्यवादी' हा शब्द रूढ झाला. पुढें त्याची जागा 'संदेष्टा' या शब्दानें घेतली. आमचे मतें हा केवळ शैलीचा पालट नव्हे.

'नाबी' म्हणजे दुसऱ्याचे वतीनें बोलणारा. निर्गमाच्या सातव्या अध्यायांत अहरोनास मोशेचा नाबी म्हटलें आहे. तेथें भविष्याचा संबंधच नाहीं. आतां खोट्या नाबीची पारख पाहूं. अनुवादाच्या अठराव्या अध्यायांत कसोटी सोपी आहे : सांगितलेलें घडलें नाहीं तर तो खोटा. तेराव्या अध्यायांतील कसोटी याहून बिकट. तेथें मनुष्य चिन्ह सांगतो, तें घडतेंही. तरी तो अन्य दैवतांकडे नेत असेल तर त्याचें ऐकूं नये, अशी आज्ञा आहे. 'भविष्यवादी' हा शब्द वाचून आलेल्या वाचकास अठरावा अध्याय सहज पटतो आणि तेरावा अडतो. कारण ज्याचें भविष्य खरें ठरलें तो खोटा कसा? 'संदेष्टा' म्हटलें कीं अडचण उरत नाहीं. चिन्ह खरें, संदेश खोटा.

यिर्मयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायांतील प्रसंग या दृष्टीनें फार बोलका आहे. हनन्या हा मंदिरांत सर्वांसमक्ष सांगतो कीं दोन वर्षांत बाबेलचें जूं मोडेल. लोकांस हवें तेंच तो बोलला. यिर्मया प्रथम 'आमेन' म्हणतो, शंका सांगतो, आणि हनन्यानें त्याच्या मानेवरील जूं मोडलें तेव्हां मुकाट्यानें निघून जातो. निवाडा मागाहून येतो. त्याच वर्षीं हनन्या मरण पावतो, आणि पुढें इ. स. पू. ५८६ चे सुमारास यरुशलेम पडतें. खऱ्या संदेष्ट्यासही तत्क्षणीं उत्तर सुचलें नाहीं, हें ग्रंथकारानें लपविलें नाहीं, याचें आम्हांस विशेष वाटतें.

बाराव्या शतकांतील यहुदी पंडित मैमोनिदीस यानें तर मोशेवरील विश्वासही चमत्कारांवर उभारला नाहीं; सिनाय पर्वतापाशीं लोकांनीं स्वतः पाहिलें व ऐकलें, हाच त्याचा आधार. याच तेराव्या अध्यायाच्या बळावर यहुदी पंडितांनीं ख्रिस्ती दावाही नाकारला. शस्त्र दुधारी आहे.

नव्या करारांत मत्तयाच्या सातव्या अध्यायांत मेंढराच्या वेषांतील लांडगे आले आहेत व फळांवरून झाड ओळखण्यास सांगितलें आहे. योहानाच्या पहिल्या पत्रांत आत्मे पारखून घेण्याची सूचना आहे. आद्य मंडळ्यांत ही पारख व्यवहारांत कशी उतरली तें 'दिदाखे' नामक ग्रीक ग्रंथावरून कळतें. इ. स. १०५६ मधील त्याची हस्तलिखित प्रत इ. स. १८७३ मध्यें फिलोथिओस ब्रायेनिओस यांस कॉन्स्टँटिनोपल येथें सांपडली. दारीं आलेला प्रेषित तीन दिवस राहिला तर खोटा. आत्म्याच्या आवेशांत स्वतःसाठीं पैसे मागितले तर खोटा. इतका रोखठोक नियम!

अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) येथें अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें इ. स. १८३१ मध्यें पडलें, आणि इ. स. १८४२ मध्यें तेथूनच 'ज्ञानोदय' निघूं लागला. मिशनरी हा विचार घेऊन आले खरे. पण ढोंगी गुरूची पारख या प्रांतास त्यांनीं शिकविली असें कोणी म्हणेल तर तें आम्हांस मान्य नाहीं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदाचा 'योगसंग्राम' शके १५६७ चा, म्हणजे इ. स. १६४५ चा. त्याच्याच 'निष्कलंक प्रबोधा'त भोंदू गुरूंवर व अंधश्रद्धेवर कठोर टीका आहे. मिशन येण्यापूर्वीं सुमारें दोनशें वर्षें, आणि तीही मुसलमान कुळांत जन्मलेल्या मराठी संताच्या लेखणींतून! समर्थांनींही दासबोधाच्या पांचव्या दशकांत चमत्कार दाखविणाऱ्यास मोक्षदाता गुरु मानलें नाहीं. अनुवादाच्या तेराव्या अध्यायाशीं हें मत किती जुळतें! परस्परसंबंध मात्र येथें कल्पूं नये.

नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा इ. स. १८९५ मधील. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग नगर प्रांतांत गेला. इ. स. १९१७ मध्यें त्यांनीं मिशनचें वेतन सोडून 'देवाचा दरबार' स्थापिला, आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या दोघांसही त्यांत प्रवेश ठेविला. दिदाखेच्या पैशाच्या कसोटीस हें आचरण सहज उतरतें. मात्र बाप्तिस्म्याची सीमा पुसली, एवढ्यावरून अनुवादाची कसोटी लावूं पाहणारा वाद घालूं शकेल. आम्ही त्याच्या बाजूचे नाहीं. दरबार फार दिवस टिकला नाहीं, टिळक इ. स. १९१९ मध्यें निवर्तले.

ज्यांचे संग्रहीं इ. स. १८११ चा श्रीरामपुरी नवा करार, इ. स. १८२६ ची मुंबईची प्रत आणि पंडिता रमाबाईंचें केडगांवीं छापलेलें भाषांतर असेल, त्यांनीं मत्तयाचा सातवा अध्याय तिन्हींत उघडून हा एक शब्द शेजारीं शेजारीं लिहून घ्यावा. श्रीगोंद्याकडील बाडें चाळतांनाही गुरुपरीक्षेच्या ओव्या निराळ्या नोंदवाव्यात.