खिळ्यांचे टायर आणि झिजणारे रस्ते

मोटारीच्या टायरमध्ये खिळा घुसला की आपण पंक्चरवाला शोधू लागतो. फिनलंड, स्वीडन, नॉर्वे या देशांत मात्र हिवाळा आला की मुद्दाम खिळे बसवलेले टायर गाड्यांना चढवले जातात. हे खिळे टायरच्या आरपार जात नाहीत. रबराच्या जाड थरात रुतवलेल्या त्या बारीक मेखा असतात आणि त्यांचे टोक जेमतेम एक-दीड मिलिमीटर बाहेर डोकावते. एवढ्याशा टोकावरून अनेक देशांत कायदे झाले, काही रद्द झाले आणि पुन्हा आले.

त्यामागचे भौतिकशास्त्र शाळेतलेच आहे. ब्रेक लावल्यावर घसरत थांबणाऱ्या गाडीने कापलेले अंतर काढायचे असेल, तर वेगाच्या वर्गाला घर्षणांक आणि गुरुत्व त्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागावे. कोरड्या डांबरी रस्त्यावर रबराचा घर्षणांक सुमारे ०.७ असतो, बर्फावर तो ०.१ पर्यंत उतरतो. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जाणारी गाडी पहिल्या रस्त्यावर सुमारे ७ मीटरांत थांबेल, दुसऱ्यावर तिला ५० मीटर लागतील. वर्गात हे गणित फळ्यावर जरूर करून घ्यावे. विशेष म्हणजे कडाक्याच्या थंडीतला बर्फ सर्वांत घातक नसतो. तापमान शून्याच्या आसपास असले की बर्फावर पाण्याचा पातळ थर राहतो आणि रबर त्यावरून सरकते. अशा वेळी बर्फात रुतणारे कठीण टोक उपयोगी पडते.

कल्पना तशी जुनीच. थंड प्रदेशांत घोड्यांच्या नालांना हिवाळ्यात टोकदार खिळे लावत असत. मोटारींच्या बाबतीत पुढाकार फिनलंडच्या नोकिया गावातील रबर कारखान्याने घेतला. या कारखान्याने १९३४ मध्ये मालमोटारींसाठी खास हिवाळी टायर काढला आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी. १९६१ मध्ये त्याचा खिळ्यांचा टायर बाजारात आला. (पुढे मोबाइल फोनमुळे घरोघरी पोचलेले ‘नोकिया’ हे नाव याच गावाचे; १९६७ मध्ये हा रबर कारखाना त्या उद्योगसमूहात विलीन झाला.) खिळ्याचे टोक टंगस्टन कार्बाइडचे असते. साधे पोलाद रस्त्यावर लवकर बोथट होते, टंगस्टन कार्बाइड मात्र बहुतेक खडकांपेक्षा कठीण असते.

नेमकी इथेच मेख आहे! बर्फ वितळल्यावर हेच टोक रस्त्यातल्या खडीवर आपटते. १९६० च्या दशकात अमेरिका, कॅनडा आणि जर्मनीत हे टायर झपाट्याने पसरले. थोड्याच वर्षांत चाकांच्या वाटेवर लांबच लांब चर पडले. चरात पाणी साचते आणि भर वेगात टायर त्या पाण्यावर तरंगल्यासारखा होतो. बर्फावर टाळलेला धोका असा पावसात परत येतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने आणि कॅनडातील ओंटारिओ प्रांताने १९७१ मध्ये खिळ्यांना मनाई केली, पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये. जर्मन अभियंत्यांनी मात्र बंदीपूर्वीच दुसरा उपाय शोधला होता. मोठी, कठीण खडी एकमेकींना टेकून सांगाडा तयार करील आणि मधल्या फटी डांबराच्या घट्ट लगद्याने भरतील, असे मिश्रण त्यांनी बनवले. खिळे गेले, मिश्रण राहिले. ‘स्टोन मॅट्रिक्स अस्फाल्ट’ या नावाने ते जगभर गेले, आणि ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ने २००८ मध्ये आपल्याकडील जड वाहतुकीच्या रस्त्यांसाठीही त्याचे तात्पुरते मानक प्रसिद्ध केले.

रस्त्यातून गेलेला दगड कुठे जातो, हा प्रश्न जपानमधील सेंदाई शहराने ऐरणीवर आणला. या शहरात हिम पडते, पण फार नाही. हिवाळ्यातही रस्ते बरेच दिवस कोरडे असतात. भोवतालच्या डोंगरांत जावे लागते म्हणून लोक सारा हिवाळा खिळ्यांचे टायर ठेवत. परिणामी खिळे बर्फावर कमी आणि उघड्या डांबरावर जास्त धावत. धूळ सर्वांत जास्त कुठे उडेल? जिथे हिम सर्वांत जास्त तिथे नव्हे, तर सेंदाईसारख्या ठिकाणी. १९८० च्या दशकात तिथे हिवाळी धुळीविरुद्ध लोक बोलू लागले. सुरक्षितता गाडीवाल्याला आणि धूळ पायी चालणाऱ्याच्या छातीत, हे गणित त्यांना पटेना, आणि माझ्या मते ते योग्यच होते. मियागी प्रांताने १९८५ मध्ये याबाबत स्वतःचा नियम केला. नागानो प्रांतातील वकिलांनी टायर कंपन्यांविरुद्ध तक्रार नेली. १९८८ मध्ये कंपन्यांनी उत्पादन १९९० अखेर आणि विक्री मार्च १९९१ अखेर थांबवण्याचे मान्य केले, तर १९९० मध्ये देशव्यापी कायदा झाला. त्यातून रुग्णवाहिका, अग्निशामक गाड्या आणि अपंग चालक वगळले गेले.

धूळ खरोखरच कमी झाली. पण उत्तरेकडील साप्पोरोत वेगळेच घडले. तिथे रस्त्यावर बर्फाचा थर टिकतो. पूर्वी खिळे तो थर खरवडून खडबडीत ठेवत. खिळे नसलेली चाके चौकाचौकांत थांबता-निघताना बर्फाला आरशासारखी चकाकी आणू लागली आणि घसरून पडणाऱ्या पादचाऱ्यांची संख्या वाढली. म्हणजे खिळ्यांचा उपद्रव जसा इतरांना होता, तसा फायदाही इतरांनाच होत होता. तो फक्त कोणी मोजला नव्हता. महापालिकेने चौकांत वाळूच्या पिशव्यांच्या पेट्या ठेवल्या. ज्याला रस्ता निसरडा वाटेल त्याने पिशवी फोडून वाळू टाकावी.

उत्तर युरोपने सरसकट बंदी टाळली. नॉर्वेत बहुतेक भागांत हे टायर १ नोव्हेंबरपासून ईस्टरनंतरच्या रविवारपर्यंत चालतात. ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते, त्यामुळे आपल्या सणांप्रमाणे ही मुदतही दरवर्षी पुढेमागे होते! ऑस्लो शहराने १९९९ मध्ये खिळ्यांवर शुल्क बसवले, २००१ मध्ये काढले आणि २००४ मध्ये पुन्हा लावले. स्टॉकहोमने २०१० पासून हॉर्न्सगातान या एका रस्त्यावर खिळ्यांच्या गाड्यांना मज्जाव केला, कारण उंच घरांच्या रांगांमध्ये तिथली धूळ अडकून राहते.

फिनलंड, स्वीडन आणि नॉर्वे यांनी २०१३ पासून नव्या टायरांसाठी आणखी एक नियम लावला. टायरच्या परिघाच्या दर मीटरला जास्तीत जास्त ५० खिळे. त्याहून जास्त हवे असतील, तर कारखान्याने परीक्षा द्यायची: ग्रॅनाइटचे तुकडे रस्त्यात बसवतात, त्यांवरून गाडी ठरावीक वेगाने पुन्हा पुन्हा नेतात, मग तुकडे काढून धुतात, वाळवतात आणि तराजूत घालून किती झिजले ते पाहतात.