तारा नावाची बाई

आमच्या गटांच्या रजिस्टरात ताराबाई सापडतात त्या बहुतेक साठीच्या पुढच्या. मधल्या काळात हे नाव जुनाट ठरलं. आता एखाद्या बारशाला पुन्हा ‘तारा’ ऐकू येतं. दोनच अक्षरं, हाकेला सोपं.

औरंगजेबाशी झुंजलेल्या महाराणी ताराबाई आपण शाळेत शिकलो. पण आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे? वडील बापूजी हरी शिंदे इथल्या कचेरीत कारकून. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रं सगळ्या बायकांनाच दोष देऊ लागली, तेव्हा ताराबाईंनी ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहून त्यांना खडसावलं. १८८२ साली पुण्यात ५०० प्रती निघाल्या. टीका झाली, जोतीराव फुल्यांनी बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणलं.

त्यांचा नवरा घरजावई. पुस्तकावर नाव माहेरचंच, शिंदे. आपल्याकडे मात्र तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितात अन् ताराची कल्पना होते! मग दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, आणि कर्जाच्या वेळी बँक विचारते, ही कोण? म्हणून गटातल्या मुलीचं लग्न ठरलं की आम्ही आधीच विचारतो, बाई, कागदावर तरी तुझं नाव तेच ठेवशील ना?